स्टिरिओला डावा हात

खानापूरहून बेळगावला परत येत होतो. आप्पा शेजारी बसलेले, मांडीवर पिशवी, आणि स्टिरिओवर त्यांच्याच भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग. मूळ कॅसेट, ती मी कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर घातली होती. पखवाज आप्पांचा, तीसेक वर्षांपूर्वीचा. देसूर मागे पडेपर्यंत ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "ह्याला डावा हात न्हाई काय रे?"

आधी मला कळलंच नाही. मग लक्ष देऊन ऐकलं. पखवाजाची उजवी बाजू शाईची, ती टणटणीत. डावी बाजू म्हणजे धूम. तिच्यावर वाजवायच्या आधी ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं तिचा आवाज खाली उतरतो. डाव्या-उजव्याची थाप एकदम पडली की 'धा'. आमच्या गाडीत त्यातली डावी थाप कुठेतरी गळून पडत होती आणि प्रत्येक 'धा'चा 'ता' होत होता. सात वर्षं ही गाडी चालवतोय, माझ्या कधी कानावर आलं नव्हतं. एकदा आलं म्हटल्यावर मात्र दुसरं काही ऐकूच येईना.

कंपनीच्या स्टिरिओत कसर असते ती इथेच. पुठ्ठ्याच्या डब्यावर चार गुणिले पंचेचाळीस वॅट असं काहीबाही छापलेलं असतं; गाडीच्या बारा-चौदा व्होल्टवर आतल्या चिपमधून सलग निघतात ते चॅनेलमागे पंधरा-वीस वॅट. दारातले स्पीकर कागदी कोनाचे. गाणाऱ्याचा गळा, पेटी, टाळ हे सगळं ते नीट देतात. खालचा सूर आला की दमतात. बेस वाढवून बघितला, तर पखवाजाऐवजी दाराचं प्लास्टिकच बोलायला लागलं.

स्टिरिओ बदलायचा नव्हता. स्टीअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा त्याच्यावर चालतो. तेव्हा आहे त्या स्टिरिओला मागे एक अॅम्प्लीफायर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, जोडायचा, असं ठरलं. वॉरंटी कधीच संपली होती, ती एक काळजी नव्हती.

शहरातल्या एका दुकानात गेलो. (नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल.) बेळगावात ह्या वस्तूला सबवूफर कोणी म्हणत नाही. 'बुफर' म्हणायचं. आणि बुफर म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी उभी राहते. "बारा इंची घ्या, अण्णा. गल्ली हालते बघा."

"गल्ली नको हालायला. पखवाज ऐकायचाय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी सोनाराच्या दुकानात खिळे मागतोय.

डब्यांवर बाराशे वॅट, दोन हजार वॅट असे आकडे. त्यांच्याकडे बघूच नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आरएमएस म्हणून आकडा असतो, स्पीकर किंवा अॅम्प सलग तेवढं झेपवतो. बाराशेवाल्या दहा इंची स्पीकरचा आरएमएस निघाला अडीचशे. मला तो पुरेसा होता. चार ओहमचा एक स्पीकर आणि चार ओहमवर अडीचशे वॅट देणारा क्लास डी मोनो अॅम्प, अशी जोडी घेतली. क्लास डी एवढ्यासाठी की तो वाया कमी घालवतो. अडीचशे वॅट पूर्ण निघाले तरी ऐंशी टक्के कार्यक्षमता धरून बॅटरीकडून बावीस-तेवीस अँपिअर ओढेल. लहान गाडीला तेवढं जमतं.

दुकानात तयार खोकी होती, सगळी भोकाची, म्हणजे एका बाजूला हवेची नळी असलेली. त्यात आवाज मोठा होतो, पण त्या नळीच्या सुराजवळ तो रेंगाळतो. पखवाजाची थाप पडली की पडली, मागे शेपूट नको. म्हणून बंद खोकं करून घ्यायचं ठरवलं. शहापुरात ओळखीचे सुतार आहेत, त्यांना आतली मापं दिली: ४० गुणिले ३२ गुणिले १७ सेंटिमीटर, १८ मिलिमीटरचं एमडीएफ. स्पीकरची मागची बाजू वजा करून आत वीस लिटरच्या आसपास हवा उरते. दहा इंची स्पीकरला बंद खोक्यात तेवढी चालते. सुतारकाकांनी सांधे फेव्हिकॉल भरून स्क्रूनं आवळले आणि विचारलं, "ह्यात काय ठेवनार?" आवाज, म्हटलं. "मग दार कुठनं?" दार नाहीच, म्हटल्यावर त्यांनी खोकं उलटंसुलटं करून बघितलं आणि मजुरी शंभरानं कमी सांगितली. का, ते अजून कळलेलं नाही.

जोडणी दुकानातूनच करून घेतली, आणि चुकलो ती इथे. दोन तासांत पोरानं गाडी हातात दिली. धूम आली. आप्पांना दाखवायला अनगोळला घरी येईपर्यंत मी खूश होतो. रेल्वे गेटाशी थांबलो तेव्हा लक्षात आलं की गाण्यामागे एक बारीक शिट्टी आहे. अॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, सोडला की खाली येते. दुकानात फोन केला. "सगळ्या गाड्यांना असतंय ते, गाणं मोठं लावा."

शिट्टी एक वेळ सोसली असती. आठवड्यानं निपाणीला लग्न होतं, सकाळचा मुहूर्त. गाडी शुक्रवारी रात्री लावलेली, ती रविवारी पहाटे काढायला गेलो तर स्टार्टर नुसता 'टक' म्हणाला. पाऊस, अंधार, आई ठेवणीतल्या साडीत, आप्पा धोतर सावरत, आणि मी व शेजारचे मास्तर गाडी ढकलतोय. चालू झाली. वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. हत्तरगीच्या टोलनाक्यावर आई म्हणाली, "बेंजो पार्टीच घ्यायची होतीस की, ती ढकलायला तरी आली असती."

लग्नात मावसभाऊ भेटला. तो उद्यमबागेत एका कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करतो. दिवसभर हातात क्रिम्पिंगचा पाना. जेवणं झाल्यावर त्यानं बॉनेट उघडायला लावलं, तोंडातलं पान चघळत वाकून बघितलं आणि विचारलं, "मर्दा, ह्याचा फ्यूज कुठाय?"

"मागं. अॅम्पजवळ."

"आणि हितनं तितवर?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर, आणि फ्यूज तिच्या शेवटच्या टोकाला. फ्यूज अॅम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. मधे कुठे तिचं कातडं घासून ती पत्र्याला टेकली तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतणार आणि वायर पेटणार. घासायची जागाही पोरानं ठेवलीच होती: इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून वायर तशीच नागडी आत घेतलेली, रबराचा गोट नाही. हात लावला तर धारेवर वायरीचं प्लास्टिक खरवडलं गेलं होतं. आठवड्यात. निपाणीहून घरी येताना मी ती वायर बॅटरीवरून काढून, टोकाला टेप गुंडाळून आलो.

पुढच्या रविवारी तो आला. जुलैचा पाऊस, म्हणजे बेळगावचा पाऊस. गाडी पोर्चमध्ये, अर्धी बाहेर. सुरुवात बॅटरीचं निगेटिव्ह काढण्यापासून. मग त्यानं आधीची वायर ओढून काढली आणि माझ्यासमोर ब्लेडनं तिचं टोक सोललं. बाहेरून अंगठ्याएवढी जाड. आत निम्मं प्लास्टिकच. तारा लालसर दिसत होत्या. एक तार त्यानं ब्लेडच्या पात्यानं हलकेच खरवडली, आणि लाल सालीखालून पांढरी चकाकी निघाली. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. "चार गेज म्हणून विकली तुला? आमच्याकडं स्टोअरवाला असली वायर दारातनं आत घेत न्हाई." गेजची, म्हणजे वायरीची जाडी नंबरानं सांगायची, भाषा त्याला मंजूरच नाही. त्यानं येताना इलेक्ट्रिकलच्या दुकानातून दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची मऊ वायर आणली होती. गाडीच्या किटपेक्षा स्वस्त पडली, हे बिल बघून मलाच कसंतरी झालं.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर चाळीस अँपिअरचा फ्यूज. पत्र्याच्या भोकाची धार कानशीनं घासून तिथे रबरी ग्रोमेट. वायरीच्या टोकांना थिंबल, म्हणजे नटाखाली आवळायची धातूची कडी, पान्यानं दाबून, वर स्लीव्ह तापवून. पॉवरची वायर डाव्या दाराच्या पायपट्टीखालून, आवाजाच्या वायरी उजव्या बाजूनं. एकत्र नेल्या की एकीचा कचरा दुसरीत येतो. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाची वायरिंग दिसली तर बोट लावायचं नाही, ती एअरबॅगची. एवढं मला माहीत होतं, ते सांगून मी जरा भाव खाल्ला.

अर्थिंगला तो अर्धा तास बसला. दुकानातल्या पोरानं अॅम्पची काळी वायर सीटच्या नटाखाली, रंगावरच आवळली होती. रंग म्हणजे आवरण. त्यातून वीज नीट जात नाही, आणि मग अॅम्पचा शून्य व्होल्ट वेगळा, स्टिरिओचा वेगळा. त्या दोन शून्यांतला फरक म्हणजे ती शिट्टी. भावानं डिकीतल्या पत्र्यावरची रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं चांदीसारखी केली, थिंबल बसवलं, नट आवळला आणि गंजू नये म्हणून वर ग्रीस थापलं. वायर जेमतेम हातभर. "अर्थ तोकडाच पाहिजे," म्हणाला.

बॅटरी का बसली तेही सापडलं. अॅम्पला 'आता जागा हो' असं सांगणारी एक बारीक वायर असते, रिमोट म्हणतात. पोरानं ती कायम चालू असलेल्या वायरीला जोडून दिली होती. अॅम्प रात्रंदिवस जागा. नुसता जागा राहायलाही तो अँपिअरच्या आतबाहेर घेतो. दीड दिवसात पस्तीस अँपिअर-तासाच्या जुन्या बॅटरीचं काय होणार? गंमत म्हणजे ह्या अॅम्पला त्या वायरीची गरजच नव्हती. मी पहिल्यांदा त्याची पुस्तिका वाचली. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर-वायरी तो थेट घेतो, आणि स्टिरिओ चालू झाला की त्या वायरींवर जे सहा-सात व्होल्ट येऊन बसतात ते ओळखून स्वतः उठतो. म्हणजे दुकानानं मधे बसवलेला स्पीकरचा सिग्नल लहान करणारा डबाही फुकटच. काढून टाकला. साडेचारशे रुपये.

संध्याकाळी पाचला बॅटरी जोडली. दिवा लागला. शिट्टी नाही, रेस वाढवली तरी नाही. आणि बुफरही नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हतं. मी मोबाइलवरचं एक नवं गाणं लावलं तर कोन किंचित हलत होता, आवाज पोकळ. वायरी पुन्हा तपासल्या, मीटरवर सगळं ठीक. गेन वाढवला, तेच. भाऊ म्हणाला स्पीकर गेला. मी म्हटलं अॅम्प गेला. दोघांनाही चहा झाला. तोवर आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "आमचं लाव की." भजन लावलं, तर बुफर पूर्ण मुका. टाळ, पेटी, आवाज सगळं दारांतून येतंय आणि मागे चिडीचूप.

तिथे माझी ट्यूब पेटली. कॅसेट मोनो होती. डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये तंतोतंत तेच. मोनो अॅम्प दोन्ही बाजू घेऊन त्यांची बेरीज करतो. त्यातल्या एका जोडीचं अधिक-उणं आपण उलटं जोडलं, तर बेरजेऐवजी वजाबाकी होते; सारख्यातून सारखं वजा, बाकी शून्य. नव्या गाण्यात दोन्ही बाजू थोड्या वेगळ्या असतात, म्हणून थोडंसं उरत होतं. स्टिरिओमागच्या वायरींत एक साधी आणि एक काळ्या रेघेची अशी जोडी असते, आणि टॉर्चच्या उजेडात मी, मीच, एक जोडी उलटी पकडली होती. दोन वायरी अदलाबदल केल्या.

पहिली थाप पडली तेव्हा पोर्चच्या पत्र्यावरून पाण्याची रांग एकदम खाली आली. शेजारच्या गॅलरीतून मास्तरांनी "साकु री, साकु!" (पुरे हो, पुरे!) म्हणून हात जोडले. ते कन्नड शाळेत होते. गाडी ढकलल्यापासून त्यांना तो हक्क आहे.

आता गेन. हे बटण आवाजाचं नाही, हे लोकांना पटत नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल केवढा आहे ते अॅम्पला सांगायचं ते बटण; जास्त पिळलं तर सुराची डोकी कापली जातात आणि स्पीकरची कॉइल जळते. कानानं न लावता मीटरनं लावलं. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: अडीचशे गुणिले चार म्हणजे हजार, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. बुफर सोडवून ठेवला, स्टिरिओचे बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज चाळीसपैकी तीसवर, ५० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि अॅम्पच्या टोकांना एसी व्होल्टवर मीटर धरला. थोडी जागा राखून २८ वर थांबलो, म्हणजे १९६ वॅट. काही कंपन्यांचे स्टिरिओ आवाज चढवला की गुपचूप बेस कापतात. तेही १० वर आणि ३० वर मोजून पाहिलं, आमचा तसा नाही निघाला. फिल्टर ८० हर्ट्झला. त्याच्या वरचं दारांनी बघावं.

खोकं डिकीत पट्ट्यानं बांधलं. नंबरप्लेट थरथरत होती, तिच्यामागे फोमच्या पट्ट्या लावल्या. तरी एक किणकिण राहिली. डिकीचं अस्तर काढलं, स्टेपनी आवळली, मागची सीट पाडून बघितली. भाऊ वैतागून घरी गेला. रात्री टॉर्च घेऊन मी डॅशबोर्डचा खण उघडला तर रुमालात गुंडाळलेले आप्पांचे टाळ. लग्नाला नेलेले, तिथेच राहिलेले. धूम वाजली की ते आपणहून साथ देत होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन येळ्ळूरच्या रस्त्यानं निघालो. पाऊस थांबला होता, राजहंसगडावर ढग टेकलेले. तेच भजन, तीच जागा. 'धा' आला, पूर्ण. मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते, डाव्या हाताची बोटं मांडीवर.

"कणीक जास्त लागलीय," म्हणाले.

बेसचा नॉब मी स्टीअरिंगखाली बसवून घेतला आहे. थोडा मागे घेतला.

"अजून."

अजून घेतला. मग अजून जरा. मग त्यांनी मान हलवली आणि काच खाली केली.

घरी येऊन नॉबला हात न लावता मीटर लावला. तोच सूर, तोच आवाज. सतरा व्होल्ट. चार ओहमला बहात्तर वॅट.